स्टारडेट, किलोसेकंद आणि अण्णांचा १९७० सालचा फोटो

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वाशीजवळच्या आमच्या रानात रात्रीत एवढा पाऊस झाला की सोयाबीन पाण्याखाली गेलं. पीक विम्यासाठी नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवायचं, असा तेव्हा नियम होता. अण्णांनी सकाळीच फोटो काढले. दुसऱ्या दिवशी ते दाखवायला गेले, तर समोरचा म्हणाला, "ह्याच्यावर १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच दिसतंय. हे कसं चालंल?"

अण्णांनी मला पुण्याला फोन लावला. "आरं, तवा मी पाळण्यात आसंल! फोटो कुठनं काढू?"

आता हा १९७० आला कुठून? उत्तर सायन्स फिक्शनमधून सांगतो, लगेच लक्षात येईल.

वेगळं जग, वेगळं घड्याळ

आपला 'दिवस' म्हणजे पृथ्वीची गिरकी. पृथ्वी सोडली की हे माप लंगडं पडतं. मंगळावरचा दिवस साधारण २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा आहे, शास्त्रज्ञ त्याला 'सोल' म्हणतात. म्हणून लेखक नवी मापं तयार करतात. 'स्टार ट्रेक' ही मालिका १९६६ मध्ये आली. तिच्यात 'स्टारडेट' वापरली, कारण गोष्ट नेमकी कोणत्या शतकातली हे सांगायचंच नव्हतं.

मला सगळ्यात पटलेलं घड्याळ व्हर्नर व्हिंज यांच्या 'अ डीपनेस इन द स्काय' (१९९९) या कादंबरीत आहे. त्यातले अंतराळ-व्यापारी दिवस, महिने काही मोजत नाहीत. फक्त सेकंद!

- १ किलोसेकंद = १,००० सेकंद = १६ मिनिटं ४० सेकंद
- १ मेगासेकंद = १० लाख सेकंद = साधारण साडेअकरा दिवस
- १ गिगासेकंद = १०० कोटी सेकंद = जवळपास ३१.७ वर्षं

विचित्र वाटतंय? आपली आजी 'घटकाभर बस' म्हणते, तेही वेगळंच माप आहे. दिवसाच्या ६० घटका, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. घटकेची ६० पळं, एक पळ २४ सेकंदांचं. तळाला भोक असलेलं घटिकापात्र पाण्यावर सोडायचं, ते भरून बुडालं की घटका झाली. व्हिंजच्या भाषेत एक घटका म्हणजे १.४४ किलोसेकंद.

तुमच्या खिशातलं घड्याळ

कादंबरीतली गंमत पुढे आहे. त्या लोकांना वाटतं, आपली मोजणी माणूस चंद्रावर उतरला तेव्हापासून सुरू होते. खरा शून्य मात्र त्यानंतर काही महिन्यांनी येतो. तो एका जुन्या कॉम्प्युटर सिस्टीमचा शून्य असतो.

ही सिस्टीम म्हणजे युनिक्स, आणि तिची मोजणी तुमच्या अँड्रॉइडमध्ये आत्ताही चालू आहे. फोनला तारीख कळत नाही. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून (ग्रीनिचच्या वेळेनुसार) किती सेकंद झाले, एवढंच तो मोजतो. हा आकडा आता १७० कोटींच्या पुढे आहे. मोजणी हरवली की तो शून्यावर येतो. आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, म्हणून आपल्याकडे शून्य म्हणजे पहाटे साडेपाच!

अण्णांच्या फोनचं हेच झालं. दोन दिवस लाईट नव्हती, बॅटरी पूर्ण उतरली. ट्रॅक्टरवर थोडा चार्ज करून फोन चालू केला, पण रानात नेटवर्क नव्हतं. नेटवर्क आलं तेव्हा फोनचं घड्याळ सुधारलं, पण काढलेल्या फोटोंवर जुनाच शिक्का राहिला.

७२ तास म्हणजे २,५९,२०० सेकंद. त्यातले चाळीसेक तास गेले होते. मी म्हणालो, "अण्णा, आधी तारीख बघा, मग परत रानात जाऊन फोटो काढा." पाणी अजून हटलं नव्हतं. नवे फोटो निघाले आणि मुदतीत नोंद झाली.

एवढं करा

सेटिंग्जमध्ये 'ऑटोमॅटिक तारीख आणि वेळ' चालू ठेवा. फोन पूर्ण बंद पडून चालू झाला असेल, तर महत्त्वाचा फोटो काढण्याआधी तारीख बघा.

अजून एक तारीख लक्षात ठेवा: १९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. जुन्या ३२-बिट सिस्टीममध्ये सेकंदांचा आकडा २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच मावतो. त्यापुढच्या सेकंदाला त्या थेट डिसेंबर १९०१ मध्ये जातील. नवीन ६४-बिट फोनला ही अडचण नाही. पण घरात कुणाकडे जुना फोन असेल, तर तो एकदा तपासून द्या. तुमचा घटकाभर वेळसुद्धा जाणार नाही.