मोल दिले, तरी मान उरतो

दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी ब्राँझचे भव्य भित्तिशिल्प घडविण्याचे काम केंद्र शासनाने १९५७ मध्ये शिल्पकार अमरनाथ सहगल यांच्याकडे सोपविले. सुमारे १४० फूट लांबीचे ते शिल्प १९६२ मध्ये पूर्ण झाले. १९७९ मध्ये भवनाच्या नूतनीकरणाच्या वेळी मात्र ते शिल्पकाराला न विचारता उतरवून गोदामात टाकण्यात आले. त्याचे काही भाग भंगले, काही गहाळ झाले. विनंत्या निष्फळ ठरल्यावर सहगल यांनी १९९२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला.

शासनाचा युक्तिवाद व्यवहाराच्या भाषेतला होता. मोबदला चुकता केला आहे. शिल्प आणि त्याचा स्वामित्वहक्क दोन्ही शासनाचे आहेत. मग आपल्या वस्तूचे काय करावे, हे शासनानेच ठरवावे.

न्यायालयाने २१ फेब्रुवारी २००५ रोजी हा युक्तिवाद अमान्य केला. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ च्या कलम ५७ नुसार, हक्क विकल्यानंतरही कृतीचे कर्तेपण आणि तिच्याशी निगडित प्रतिष्ठा निर्मात्याकडेच राहते. कृतीचा नाश हे तर तिच्या विद्रूपीकरणाचे टोक होय, असे न्यायालयाने मानले. शिल्पाचे अवशेष सहगल यांना परत करावेत आणि पाच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश झाला. तेव्हा सहगल त्र्याऐंशी वर्षांचे होते.

या हक्काला मर्यादाही आहे. प्रगती मैदानावरील ‘हॉल ऑफ नेशन्स’ ही वास्तू २०१७ मध्ये पाडण्यात आली. तिचे वास्तुविशारद राज रेवाल यांचा दावा याच न्यायालयाने २०१९ मध्ये फेटाळला. वास्तू समूळ नाहीशी झाली, तर विद्रूप स्वरूपात दिसून निर्मात्याची अप्रतिष्ठा करील असे काही उरतच नाही. शिवाय जमिनीच्या मालकाचा हक्कही डावलता येत नाही, असे तेथे ठरले. दोन्ही निर्णयांमधील अंतर कायद्याच्या अभ्यासकांना आजही विचारात पाडते.

संस्था, विश्वस्त मंडळे व नगरपालिका आज चौकाचौकांत शिल्पे उभारतात. करारात रक्कम आणि मुदत कटाक्षाने लिहिली जाते. शिल्प हलवावे लागले, तर निर्मात्याला पूर्वसूचना कशी द्यावी, दुरुस्ती कोणी करावी, नाव कोठे कोरावे, ही कलमेही त्याच कागदावर लिहावीत. शिल्पाची किंमत एकदाच चुकती होते. ते घडविणाऱ्याचा मान मात्र पुढेही राखावा लागतो.