प्रेमभंगाचें दुःख आणि त्याचें पथ्य

ताप आलेल्या मुलाच्या उशाशीं घरांतील माणसें रात्र रात्र जागतात, परंतु त्याच घरांतील तरुण मुलाचा अथवा मुलीचा प्रेमसंबंध तुटला, तर "हीं कसलीं थेरें! चार दिवसांत विसरशील," असें म्हणून आपण मोकळे होतों. हें दुःख केवळ कल्पनेचें आहे अशी आपली समजूत असते. ती कितपत खरी आहे, हें आज पाहूं.

हेलन फिशर या अमेरिकन विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं २०१० सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रिय व्यक्तीनें अव्हेरलेल्या १५ जणांना त्या व्यक्तीचें छायाचित्र दाखवून त्यांनीं त्यांच्या मेंदूचें यंत्राद्वारें निरीक्षण केलें. व्यसनी मनुष्याला कोकेनची तल्लफ येते तेव्हां मेंदूचे जे भाग चाळवतात, त्यांपैकीं कांहीं येथेंही चाळवलेले दिसले. पुढच्याच वर्षीं ईथन क्रॉस या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत ४० जणांनीं भाग घेतला. दुरावलेल्या व्यक्तीचें छायाचित्र पाहतांना आणि हाताला सोसवेल इतका चटका दिला असतां, मेंदूचे कांहीं भाग सारखेच उद्दीपित झाले. काळजाला चटका बसला असें आपण म्हणतों, तो निव्वळ अलंकार नव्हे.

तल्लफ आणि चटका! उपाय या दोन शब्दांतच आहे. तल्लफ शमवावयाची तर तिला खाद्य घालूं नये. मध्यरात्रीं मोबाइल उघडून जुने संदेश वाचणें, ती व्यक्ति आतां कोणाबरोबर आहे याचा मागोवा घेणें, हें सर्व त्या तल्लफेचें खाद्य होय. पत्रें व छायाचित्रें विश्वासू स्नेह्याच्या स्वाधीन करावींत. आणि नकार मिळाल्यावर पाठलाग, विनवण्या वा धमक्या करणें हें प्रेम नव्हे, दुसऱ्याच्या स्वातंत्र्यावरील आक्रमण आहे. चटका बसलेल्यास मात्र उपदेशापेक्षां वेळेवर जेवण, झोप, फिरणें आणि नेमून दिलेलें काम यांचाच अधिक आधार वाटतो.

लेखनाचाही उपयोग होतो. १९८६ सालीं जेम्स पेनेबेकर व त्यांच्या सहकारिणीनें विद्यार्थ्यांकडून सलग चार दिवस, रोज १५ मिनिटें, मनांतील सल लिहून घेतला. घटना व भावना दोन्ही लिहिणाऱ्यांस पुढील महिन्यांत वैद्याकडे कमी वेळां जावें लागलें. परंतु २०१३ सालीं, नुकत्याच विभक्त झालेल्या ९० स्त्रीपुरुषांच्या अभ्यासांत असें आढळलें कीं, जे "असें कां झालें?" हाच प्रश्न सदैव घोळीत बसतात, त्यांना भावना उगाळण्यानें अपाय होतो, दिवसभराच्या कामांची साधी नोंदच त्यांना अधिक मानवते. आपण कोणत्या जातीचे, हें ज्यानें त्यानें ओळखावें.

आतां वडीलधाऱ्यांसाठीं. मुलाची थट्टा करूं नका, समोरच्या व्यक्तीला शिव्या देऊं नका, आणि घाईघाईनें दुसरें स्थळही पाहूं नका. अव्हेरलेल्याला वाटतें, मीच नालायक! तो एका माणसाचा निर्णय आहे, साऱ्या आयुष्याचा निकाल नव्हे, हें त्याला शांतपणें सांगा आणि त्याचें म्हणणें ऐकून घ्या. दोन आठवडे झोप व अन्न सुटलेलें असेल, तर डॉक्टरांकडे न्या. जिवाचें बरें-वाईट करण्याची भाषा तोंडून निघाली, तर क्षणभरही एकटें न सोडतां त्याच दिवशीं डॉक्टरांना दाखवा. २०२२ सालीं सुरू झालेल्या सरकारी 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो.

फिशर यांच्याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. विरहास जितके अधिक दिवस लोटले होते, तितकी जिव्हाळ्याशीं निगडित अशा मेंदूच्या एका भागांतील हालचाल कमी होती. काळ हें औषध आहे, ही जुन्या माणसांची समजूत निराधार नाहीं. मात्र औषधाबरोबर पथ्य लागतें. तें दुःखितानें पाळावें आणि घरानें त्याला पाळूं द्यावें.