मधुमेहातील स्मृतिदोष आणि रुग्णाची जीवनगुणवत्ता

प्रस्तावना :
दीर्घकालीन आजारात उपचाराचा मोठा भाग रुग्णाच्या घरीच पार पडतो. मधुमेह हे याचे ठळक उदाहरण होय. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. औषधाची वेळ, इन्सुलिनची मात्रा, आहार, पायांची निगा हे सारे त्यांना रोज लक्षात ठेवावे लागते. म्हणूनच मधुमेहात स्मृती हे उपचाराचे एक साधन ठरते. प्रस्तुत लेखात स्मृतिदोषाचा जीवनगुणवत्तेवर होणारा परिणाम स्पष्ट केला आहे.

स्मृतिदोषाची कारणे :
रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा पोहोचते. साखर फार खाली गेल्यास मेंदूला ऊर्जा अपुरी पडते. व्हिटमर व सहकाऱ्यांच्या २००९ मधील अभ्यासात, साखर तीव्रपणे घसरण्याचे प्रसंग येऊन गेलेल्या वृद्ध रुग्णांत स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक आढळला. येथे दुष्टचक्र संभवते. इन्सुलिन घेतल्याचे विसरून रुग्ण ते पुन्हा घेतो, साखर घसरते आणि स्मृतीवर आणखी आघात होतो. याशिवाय मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेतल्याने उद्भवू शकणारी ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि नैराश्य यांमुळेही विस्मरण होते. ही दोन्ही कारणे उपचारसाध्य असल्याने त्यांची तपासणी अगत्याची आहे.

जीवनगुणवत्तेवरील परिणाम :
जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची संक्षिप्त प्रश्नावली शारीरिक, मानसिक, सामाजिक संबंध व परिसर या चार अंगांनी जीवनगुणवत्ता मोजते. स्मृतिदोषाची झळ यांपैकी सामाजिक अंगाला विशेष पोहोचते. जुन्या आठवणी तपशीलवार सांगणारी व्यक्ती रात्रीची गोळी मात्र विसरते, तेव्हा कुटुंबीयांना तो हलगर्जीपणा वाटतो. वास्तविक गतकाळाचे स्मरण आणि पुढे करावयाच्या कृतीचे स्मरण या भिन्न क्षमता आहेत. बोलणी खावी लागल्याने रुग्ण विसरणे लपवू लागतो. परिणामी वाढलेली साखर पाहून डॉक्टर मात्रा वाढवतात आणि धोका अधिक गडद होतो.

निष्कर्ष :
अमेरिकन मधुमेह संघटना ६५ वर्षे व त्यावरील रुग्णांची बोधनक्षमता तपासण्याची, तसेच दोष आढळल्यास औषधयोजना सुलभ व साखरेचे उद्दिष्ट शिथिल करण्याची शिफारस करते. घरी वारांनुसार कप्पे असलेली गोळ्यांची डबी आणि इन्सुलिन घेताच दिनदर्शिकेवर केलेली खूण उपयुक्त ठरते. विस्मरण हा आजाराचाच भाग असू शकतो हे कुटुंबाने जाणल्यास रुग्णाची सुरक्षितता व आत्मसन्मान दोन्ही जपले जातील.