पहिली दुर्बीण, पहिली रात्र

आयझॅक न्यूटनने १६६८ साली बनवलेल्या परावर्ती दुर्बिणीचा आरसा धातूचा होता. आज नवशिक्याच्या हाती येते ती बहुधा ११४ किंवा १३० मिमी व्यासाच्या काचेच्या आरशाची. त्यावर ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो, म्हणून तो रुमालाने पुसू नका. थोडी धूळ चालते, ओरखडे चालत नाहीत.

नळीवरची छोटी शोधक दुर्बीण दिवसाउजेडीच जुळवा. लांबची पाण्याची टाकी मोठ्या दुर्बिणीत मधोमध आणा, मग शोधकाचे स्क्रू हलकेच फिरवत टाकीचा तोच कोपरा फुलीवर घ्या. हे राहिलं, तर रात्री नुसतं काळं आकाश दिसतं. कितीतरी दुर्बिणी याचमुळे माळ्यावर जातात, असं मला वाटतं. (नळी सूर्याकडे चुकूनही वळवू नका, क्षणात डोळा जाईल.)

आरशाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागलं की वर्धन मिळतं. ९०० मिमीला २५ मिमीची नेत्रिका ३६ पट देते, १० मिमीची ९० पट. सुरुवात ३६ नेच करा. खोक्यावर ‘५२५ पट’ छापलेलं असलं, तरी ११४ मिमीचा आरसा फार तर सव्वादोनशे पट पेलतो.

अर्धा तास आधी नळी अंगणात ठेवा, आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होऊ द्या. प्रतिमा उलटी दिसेल, तो दोष नव्हे. पहिल्या रात्री शुक्ल अष्टमीचा चंद्र बघा: उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा उजळलेल्या, तळ काळेभोर. पौर्णिमेला सावल्याच नसतात, म्हणून तो सपाट दिसतो.