नदीत फेकलेला धातू

सोन्याहून जड, रुपेरी आणि कधीही न गंजणारा धातू कोणी नदीत फेकील का? पण प्लॅटिनमच्या नशिबी हेच आले होते! दक्षिण अमेरिकेत, आजच्या कोलंबियात, स्पॅनिश लोकांना सोन्याच्या वाळूत त्याचे कण सापडत. ‘प्लॅटिना’, म्हणजे क्षुल्लक चांदी, असे त्यांनी त्याला हिणवले. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते. प्लॅटिनमला १७६८ अंश लागतात. त्यामुळे ते भट्टीत वितळेना. शिवाय लबाड लोक ते सोन्यात मिसळीत आणि वजनावरून भेसळ ओळखू येत नसे. म्हणून सरकारने ते नदीत टाकायला लावले.

१८०० नंतर वुलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने प्लॅटिनम आम्लराजात विरघळवून त्याची भुकटी मिळवली. ती दाबून, तापवून ठोकली, तेव्हा पत्रे व तारा तयार झाल्या. आता पूर्वीचा दोषच गुण ठरला! प्रखर उष्णतेत टिकणाऱ्या प्लॅटिनमच्या मुशी प्रयोगशाळांत आल्या.

स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रियेचा वेग वाढवणे, हा त्याचा आणखी एक गुण. नायट्रिक आम्लाच्या कारखान्यात ते हेच काम करते. मोटारीच्या धुरातील विषारी वायूही ते निरुपद्रवी करते.

मग सांगा पाहू, निरुपयोगी कोण होते? प्लॅटिनम, की माणसाचे अपुरे ज्ञान?