थंडीत ट्रक सुरू होत नाही, तेव्हा आधी काय बघायचं?

"प्रयोग चालत नसेल तर सुरुवात कुठून करायची?" पीएचडीला येऊ पाहणारे बरेच जण हे विचारतात. प्रत्येकाची लॅब वेगळी, यंत्र वेगळं, म्हणून आज लॅबबाहेरचं उदाहरण घेऊ. डिझेल ट्रकचं.

समजा, नोव्हेंबर संपत आलाय. जम्मूत टाकी फुल्ल करून एक मालट्रक निघाला आणि श्रीनगर, झोजिला करत द्रासला मुक्कामी थांबला. रात्री पारा उणे २० पर्यंत गेला. सकाळी चावी फिरवली तर गाडी सुरूच होईना. घाट बर्फाने कधी बंद होईल सांगता येत नाही, त्यामुळे घाई आहे. अशा वेळी माणूस काय करतो? सगळं एकदम करतो. दुसरी बॅटरी लावतो, फिल्टर बदलतो, टाकीखाली शेगडी ठेवतो. दुपारी बारा वाजता गाडी सुरू होते.

आता सांगा, बिघाड कशात होता?

सांगता येणार नाही. तीन गोष्टी बदलल्या, आणि चौथी तुमच्या हातात नसताना बदलली: ऊन पडलं. उद्या पहाटे तीच गाडी तशीच उभी राहू शकते. म्हणून हात लावण्याआधी अशी निरीक्षणं शोधायची, की ज्यांच्यामुळे अर्ध्या शक्यता एका फटक्यात बाद होतील.

पहिलं निरीक्षण कानाने करायचं. सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतंय की रडत रडत? रडत असेल तर सध्या डिझेलचा विचार सोडा. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. उणे १८ च्या आसपास ती साधारण निम्मीच ताकद देते. त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑईलमुळे इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. मल्टिमीटर लावून सेल्फ मारा. बॅटरीवरचं व्होल्टेज २४ वरून पार कोसळलं, तर बॅटरी कमजोर आहे किंवा तिच्यावर ओझं फार आहे. बॅटरीवर व्होल्टेज चांगलं आहे, तरी सेल्फ मरतुकडा फिरतोय? मग टर्मिनल आणि केबल बघा.

इंजिन नीट फिरत असेल तर दुसरं निरीक्षण सायलेन्सरकडे. पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, पण पेटत नाही. धूरच नसेल तर बहुधा डिझेल पोचतच नाही. हा क्रम उलटा करू नका. नव्या कॉमन रेल इंजिनात पुरेसा दाब तयार झाल्याशिवाय इंजेक्टर डिझेल सोडतच नाहीत, त्यामुळे सेल्फ हळू फिरला तरी धूर दिसत नाही आणि तुम्ही उगाच फिल्टर खोलत बसता.

डिझेल पोचूनही पेटत का नाही, यासाठी थोडा हिशेब करू. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबल्यामुळे तापलेल्या हवेवरच डिझेल पेटतं. हवा १७ पट दाबली आणि घातांक १.३५ धरला, तर केल्विनमधलं तापमान सुमारे २.७ पट होतं. ३० अंशांची हवा ५४५ अंशांच्या आसपास जाते, उणे २० ची ४१० च्या आसपास. म्हणजे बाहेरचा ५० अंशांचा फरक आत १३५ अंशांचा होतो! हा आदर्श हिशेब झाला. प्रत्यक्षात थंडगार सिलिंडर आणखी उष्णता ओढून घेतो. म्हणून ग्लो प्लग किंवा इंटेक हीटर असतो, आणि पांढरा धूर दिसला की तो तपासायचा. काही जण इथे ईथरचा स्प्रे मारतात. हीटर असलेल्या इंजिनात हे अजिबात करू नका, इंटेकमध्येच भडका उडू शकतो.

धूर नसेल तर मात्र संशय जम्मूच्या डिझेलवर. (इथे मला जरा रमायला आवडतं.) डिझेलमध्ये लांब साखळीचे पॅराफिन विरघळलेले असतात. तापमान उतरलं की त्यांचे मेणासारखे स्फटिक होतात. टाकीतलं डिझेल अजून हलत असतं, पण स्फटिक फिल्टरवर साचून तो तुंबवतात. त्यामुळे कधी गाडी सुरू होऊन दोन-चार मिनिटांत बंद पडते. प्रमाणित चाचणीत थंड केलेलं डिझेल ४५ मायक्रॉनच्या जाळीतून ओढतात आणि कोणत्या तापमानाला ते अडतं ते बघतात. भारतीय मानकात हे तापमान हिवाळ्यात ६ आणि उन्हाळ्यात १८ अंशांपेक्षा जास्त नसावं, इतकीच अट आहे. मैदानात ती पुरते, द्रासला नाही. म्हणूनच इंडियन ऑईलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं.

पण थांबा, फिल्टरमधलं पांढरं काहीतरी मेणच आहे हे कशावरून? डिझेलमध्ये शिरलेल्या पाण्याचा बर्फही असू शकतो. ते काचेच्या बाटलीत घ्या आणि बाटली कोमट पाण्यात धरा. मेण असेल तर विरघळून डिझेल पुन्हा स्वच्छ होईल. बर्फ असेल तर पाण्याचा थेंब तळाशी वेगळा बसेल. मेण निघालं तर फिल्टर गरम करावा किंवा बदलावा लागेल. नुसतं अ‍ॅडिटिव्ह ओतून साचलेलं मेण लगेच जात नाही. ते स्फटिक होण्याआधीच टाकायचं असतं.

आणि गाडी सुरू झाली तरी टाकीतलं थोडं डिझेल बाटलीत काढून ठेवा. दुसऱ्या बाटलीत स्थानिक पंपावरचं हिवाळी डिझेल घ्या. दोन्ही बाटल्या रात्री शेजारी शेजारी बाहेर ठेवा आणि ऊन यायच्या आत बघा.