पाय घसरला, की पायरी चुकली?

टाचेचे हाड मोडलेला माणूस दवाखान्यात आला की आम्ही परिचारिका दोन प्रश्न आधी विचारायचो. किती उंचीवरून पडला? आणि कंबर दुखते का? उंचावरून माणूस टाचांवर आदळला तर तो दणका पायातून वर कण्यापर्यंत जातो. म्हणून टाच मोडलेल्याचा कणाही तपासावा लागतो. असे रुग्ण मी नोकरीत पुष्कळ पाहिले. कोणी झाडावरून पडलेला, कोणी घराच्या माळ्यावरून, तर धानाच्या हंगामात कोणी राईस मिलमधून आलेला. मिलमधल्या माणसाचे सांगणे बहुधा एकच असे, "वर ग्रीस द्यायला चढलो होतो, पाय घसरला." केसपेपरवर तेवढेच लिहिले जाई. शिडी कशी होती, हे कोणी लिहीत नसे. मीही कधी लिहिले नाही. आज त्या शिडीबद्दलच लिहिते आहे.

प्रतापगड, अर्जुनी मोरगावचा आपला भाग धानाचा. मिलमध्ये धान खालच्या खड्ड्यात ओततात आणि पट्ट्यावरच्या बादल्या ते वर नेतात. या एलिव्हेटरचे वरचे चाक आणि बेअरिंग पार छताजवळ असतात. तिथे रोज जावे लागत नाही, म्हणून तिथला जिना 'कधीमधीचा' समजला जातो. उरलेल्या लोखंडी अँगलला सळया जोडल्या की झाली शिडी!

चूक इथेच होते. हा जिना कमी वापरतात हे खरे, पण वापरायची वेळ येते तेव्हा मशीन अडलेले असते, मालाची घाई असते, माणसाच्या एका हातात पाना नाहीतर ग्रीसचा डबा असतो. पायऱ्यांवर कोंडा साचलेला असतो आणि कोंड्यात तेल असल्यामुळे त्याचा थर निसरडा होतो. महाशिवरात्रीला प्रतापगडचा डोंगर चढणारा माणूस दम लागला की थांबतो, दोन्ही हातांनी आधार घेतो. मिलमधला फिटर रात्रपाळीत एका हाताने चढतो. मग चांगल्या पायरीची गरज कोणाला जास्त?

कायद्याने हे ओळखले आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३२ मध्ये तीन गोष्टी सांगितल्या आहेत. पायऱ्या, जिने आणि वाटा मजबूत असाव्यात, त्यांवर अडथळा किंवा घसरवणारा पदार्थ नसावा आणि गरज तिथे भक्कम कठडा असावा. जिथे माणसाला कामासाठी जावे लागते, त्या प्रत्येक जागी जायला शक्य तितकी सुरक्षित वाट असावी. आणि जिथून पडण्याचा धोका आहे, तिथे कुंपण किंवा तसा बंदोबस्त असावा. 'प्रत्येक जागी' हे शब्द लक्षात ठेवा. वर्षातून दोनदा जावे लागणारी जागाही त्यात येते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने हा जुना कायदा आपल्यात सामावून घेतला, तरी माणसाच्या पायाची गरज काही बदललेली नाही.

आता मापे पाहू. राष्ट्रीय इमारत संहिता (२०१६) नेहमीच्या ये-जा करण्याच्या जिन्याबद्दल सांगते की घरे सोडून इतर इमारतींत पायरी किमान ३०० मिलिमीटर रुंद आणि जास्तीत जास्त १५० मिलिमीटर उंच असावी. यंत्रापर्यंत जाणाऱ्या देखभालीच्या जिन्याला एवढी जागा नेहमी मिळत नाही. त्यासाठी आयएसओ १४१२२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातल्या कामाच्या गोष्टी अशा:

१. चढ ४५ अंशांपर्यंत असेल तर तो जिना. त्याहून उभा, ७५ अंशांपर्यंत, असेल तर ती पायऱ्यांची शिडी. त्यापुढची सरळ शिडी. जागा असेल तर जिनाच करावा.

२. पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पायरीची खोली, ही बेरीज ६०० ते ६६० मिलिमीटर असावी. उंची २०० आणि खोली २२० धरली तर बेरीज ६२० येते. ३ मीटर उंच जायला असे १५ चढ लागतात आणि खाली साधारण तेवढीच जागा लागते.

३. सर्व पायऱ्या एकाच उंचीच्या हव्यात. पहिल्या दोन पायऱ्यांत पाय उंची ओळखतो आणि पुढे न बघता पडतो. मधली एक पायरी वेगळी निघाली की माणूस कोसळतो.

४. जिन्याची रुंदी किमान ६०० मिलिमीटर असावी. वरच्या फलाटाला १,१०० मिलिमीटर उंच कठडा, त्याला मधली आडवी पट्टी आणि तळाशी १०० मिलिमीटरची पट्टी हवी. तळाच्या पट्टीमुळे वरचा पाना खालच्या माणसाच्या डोक्यावर पडत नाही.

मिलसाठी माझ्याकडून एक भर: पायऱ्या जाळीच्या असाव्यात, म्हणजे कोंडा खाली गळून जातो.

जिना होईपर्यंत शिडीच वापरावी लागत असेल, तर ४ फूट उंचीला पाया १ फूट पुढे ठेवा, वरचे टोक बांधा आणि शिडी फलाटाच्या १ मीटर वर जाऊ द्या. चढताना दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, असे तीन आधार कायम ठेवा. सामान हातात नेऊ नका. दोरीने पिशवी वर ओढा. त्याआधी मशीन बंद करून मेन स्विचला कुलूप लावा आणि किल्ली चढणाऱ्याच्याच खिशात राहू द्या.

तरीही कोणी पडलाच, तर हातपाय धरून उचलू नका, बसवू नका, पाणी पाजू नका. मान आणि पाठ न हलवता तसेच राहू द्या आणि १०८ ला फोन करा. माणूस उठून चालू लागला तरी टाच दुखत असेल तर डॉक्टरांना कंबर तपासायला सांगा. आणि केसपेपरवर "पाय घसरला" एवढ्यावर थांबू नका. कोणते काम करताना, किती उंचीवरून, कठडा होता की नाही, हे लिहून घ्या. नुकसानभरपाई मागताना हाच कागद उपयोगी पडतो. मजूर ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही, हे तत्त्व १९२३ च्या भरपाई कायद्यापासून चालत आले आहे.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना त्यांनी कामाचे तास कमी करण्याचे विधेयक मांडले आणि १९४६ मध्ये बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. थकलेला पाय पायरी चुकतो, हे आम्ही रात्रपाळीतल्या परिचारिकाही जाणतो. पण पायरीच चुकीची असेल तर ताजातवाना पायही वाचत नाही.

म्हणून या हंगामात मिलमध्ये कामाला जाणाऱ्या प्रत्येक घराने एक टेप घ्यावा. शिडीची मापे वहीत लिहावीत आणि आधी चांगल्या शब्दांत मालकाला दाखवावीत. ऐकले नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी तक्रार करता येते, आणि तक्रार करणाऱ्याचे नाव निरीक्षकाने गुप्त ठेवायचे असते. एकट्याने जायची भीती वाटत असेल तर चार जणांनी मिळून जा. मोडलेला कणा कोणत्याही भरपाईने पूर्ववत होत नाही. लोखंडी जिना मात्र वेल्डर काही दिवसांत उभा करून देतो.